पाहुण्याची गाडी, आपलं रान : एका मुक्कामाचा हिशोब



या महिन्याचा पाठ जरा वेगळ्या धंद्याचा आहे. शेळीपालन, पापड-मसाले, शिलाई हे विषय आपण आधी घेतले. आता डोंगराकाठच्या काही गटांमधून विचारणा होतेय की, "आमच्या रानात गाडीवाले पाहुणे मुक्कामाला उतरतील का? त्यासाठी कर्ज काढावं का?" या प्रश्नाचं उत्तर घाईनं देण्यासारखं नाही. म्हणून हा पाठ बैठकीत मोठ्यानं वाचा. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये हिशोब आहे.

हे गाडीवाले पाहुणे कोण?

काही लोक हॉटेलात उतरत नाहीत. झोपायची, स्वयंपाकाची सोय त्यांच्या गाडीतच असते. अशा गाडीला कॅराव्हॅन किंवा कॅम्पर म्हणतात. आत बिछाना, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, फ्रीज आणि कधी कधी संडासही असतो. पण आपल्याकडे येणारे सगळे एवढ्या भारी गाडीतले नसतात. कुणी जीपच्या टपावर तंबू बांधून येतं, कुणी मोटरसायकलवर छोटा तंबू घेऊन. आणि सगळ्यात ओळखीचे म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरमधून देवदर्शनाला निघालेली कुटुंबं. सोबत गॅस, पातेली, सतरंज्या. तुळजापूर करून अंबाजोगाई, मग परळी वैजनाथ, पुढे औंढा नागनाथ. वाटेत सावली आणि पाणी दिसलं की गाडी थांबते आणि शेगडी पेटते.

म्हणजे ही रीत आपल्याला नवी नाही. बैलगाडीतून जत्रेला जाणारी माणसंही अशीच झाडाखाली उतरायची. फरक एवढाच की आता उतरणाऱ्याला स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी आणि रात्रीची निर्धास्त झोप पाहिजे असते, आणि त्याचे पैसे द्यायची त्याची तयारी असते.

आपल्याकडे कशासाठी येतील?

अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगरात आहे. योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवी, त्यामुळे पुण्या-मुंबईकडून आणि कोकणातून माणसं ओटी भरायला येतात. मार्गशीर्षातल्या उत्सवात, पौर्णिमेपर्यंत गर्दी असते. शहराजवळ हत्तीखान्याची लेणी आहेत. 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. दासोपंतांची समाधी आहे. बुट्टेनाथाची दरी आहे. परळी २५ किलोमीटरच्या आसपास. धारूरचा किल्लाही फार लांब नाही.

शिवाय आपली रानं. पावसाळा सरता सरता बालाघाटात सीताफळ पिकतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेलं आहे. संक्रांतीच्या आगेमागे ज्वारीचा हुरडा. हुरड्यासाठी शहरातली माणसं रानात येतात, आगटीभोवती बसतात, हे आपण पाहतोच. त्यांनाच रात्री राहायची जागा दिली तर तो मुक्काम झाला.

सरकारी धोरणं काय आहेत?

तीन नावं लक्षात ठेवा.

१. कृषी पर्यटन धोरण, २०२० : शेतकऱ्यानं आपल्या शेतावर पाहुण्यांची सोय करणं यात येतं.

२. कॅराव्हॅन पर्यटन धोरण, २०२१ : कॅराव्हॅन गाड्या आणि त्या उभ्या करायच्या जागा, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, यांची नोंदणी या धोरणाखाली होते.

३. 'आई' महिला पर्यटन धोरण, २०२३ : पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बाईनं बँकेकडून १५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं, तर त्यावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज शासन परत देतं. त्याला मर्यादा आहे : जास्तीत जास्त ७ वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, जे आधी होईल ते.

तिन्हींचं काम पर्यटन संचालनालयाकडे आहे. आपल्यासाठी विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला. अटी बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी तिथून ताजा शासन निर्णय मागून घ्या आणि गटात वाचा. एजंटाच्या तोंडी माहितीवर सही करू नका.

'आई' धोरणात व्याज परत मिळतं, मुद्दल आपल्यालाच फेडायचं असतं. शिवाय व्याजही आधी आपण भरायचं, मग ते परत येतं. ही गोष्ट पुढच्या हिशोबात कामाला येणार आहे.

आता वही उघडा

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशोब पुन्हा करा.

समजा, हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. साधारण १७ आठवडे. आठवड्याला दोन गाड्या आल्या, प्रत्येक गाडी एक रात्र राहिली, तर ३४ मुक्काम झाले.

जमा :
- जागा, पाणी, संडास मिळून एका रात्रीचे ३०० रुपये : ३४ × ३०० = १०,२०० रुपये.
- गाडीमागे ३ माणसं, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळून माणशी २५० रुपये : ३४ × ३ × २५० = २५,५०० रुपये. यातले शंभरातले ६० रुपये किराणा, भाजी, गॅस आणि रांधणाऱ्या बाईची मजुरी यात गेले, तर उरले १०,२०० रुपये.
- एकूण हातात : २०,४०० रुपये.

खर्च :
- मुक्कामामागे साफसफाईची मजुरी १५० रुपये : ३४ × १५० = ५,१०० रुपये.
- हंगामाचं लाईट, साबण, फिनाईल, किरकोळ दुरुस्ती : ३,००० रुपये.

शिल्लक : २०,४०० – ८,१०० = १२,३०० रुपये.

आता दोन गट डोळ्यांपुढे आणा.

पहिल्या गटानं तंबू, खोल्या, कमान, रंगीत दिवे यांसाठी १० लाखांचं कर्ज काढलं. शासनानं सगळं व्याज परत दिलं असं धरू. मुद्दल ७ वर्षांत फेडायचं तर वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार रुपये लागतील. हंगामाची शिल्लक १२,३००. खोल्या आहेत म्हणून पाहुणे दुप्पट आले, तिप्पट आले, भाडंही जास्त मिळालं, तरी हप्ता फिटणं अवघड. मग बचतीला हात लागतो, आणि शेवटी घरादारापर्यंत जातं.

दुसऱ्या गटानं एक जागा सपाट केली. आधीचा संडास दुरुस्त केला, शोषखड्डा खणला, एक नळ बसवला, पाटी लावली. श्रमदान केलं म्हणून खर्च १५,००० रुपयांत भागला. तो फिरत्या निधीतून घेतला. सव्वा हंगामात पैसे वसूल. पाहुणे आलेच नाहीत तरी दुरुस्त संडास आणि नळ आपल्याच कामाला राहिले.

या पाठाचं सार एवढंच : आधी एक गाडी, एक हंगाम, एक वही. कर्जाचं नाव त्यानंतर. वहीत पन्नास-साठ मुक्काम नोंदले गेले आणि जागा नाही म्हणून पाहुणे परत जायला लागले, की 'आई' धोरण तुमच्या उपयोगाचं. तोवर नाही.

फ्रान्समधला धडा

फ्रान्स देशात १९९३ पासून 'फ्रान्स पॅशन' नावाची व्यवस्था चालते. शेतकरी आपल्या शेतावर कॅम्पर गाडीला एक रात्र फुकट उभं राहू देतात. पाहुण्यानं काही विकत घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. तरी रात्रभर अंगणात राहिलेला माणूस सकाळी शेतकऱ्याकडचा माल घेतो, आणि आवडला तर पुन्हा येतो. शेतकऱ्यानं मात्र बांधकाम काही केलेलं नसतं. जागा त्याची, बाकी सगळी सोय गाडीतच.

आपण तसंच्या तसं करू शकत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पाहुण्यांच्या गाडीत संडास नसतो, म्हणून तो आपल्याला द्यावा लागतो. पण घेण्यासारखी गोष्ट ही की कमाई जागेच्या भाड्यापेक्षा मालावर होते. सीताफळ, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, ज्वारीचं पीठ, हातशेवया, गोधडी. गटाचा माल पाहुण्याच्या गाडीत चढला पाहिजे. वरच्या हिशोबात मालाची विक्री धरलेलीच नाही. ती होईल ती वरकड.

जागा कशी निवडायची?

- काळ्या मातीवर गाडी उभी करू नका. अवकाळी पाऊस पडला की चाकं रुततात, मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. मुरमाड, टणक, सपाट जागा बघा.
- रस्त्यावरून आत येताना वायर आणि फांद्या किती उंचीवर आहेत ते बघा. कॅम्पर गाडी दहा-अकरा फूट उंच असू शकते. लोंबती सर्व्हिस वायर असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या.
- गाडी वळवता आली पाहिजे. जवळजवळ वीस फुटांची गाडी मागं मागं घेत डांबरीपर्यंत नेणं सोपं नाही.
- नाल्याचं पात्र, कड्याचं टोक, एकट्या मोठ्या झाडाखालची जागा नको. वीज पडायची भीती असते.
- वनखात्याची जमीन, गायरान, देवस्थानची जमीन, लेण्यांचं आवार ही जागा आपली नाही. तिथं मुक्काम देऊन पैसे घेणं म्हणजे गटावर संकट ओढवून घेणं. जमीन सदस्याच्या मालकीची किंवा लेखी करारानं घेतलेली पाहिजे. सातबारावर बाईचं नाव नसेल तर घरच्यांची लेखी संमती घ्या.
- ग्रामपंचायतीला आधी सांगा, ना-हरकत घ्या. नंतर कुरबुर होत नाही.

पाणी : सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते दिवस आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. म्हणून गावात पहिला प्रश्न येणार : "आम्हाला प्यायला नाही, अन् पाहुण्यांना कुठून देता?"

याचं उत्तर आकड्यात द्या. एका मुक्कामाला प्यायला, स्वयंपाकाला, संडासाला मिळून १५० लिटर धरा. ३४ मुक्कामांचे ५,१०० लिटर. म्हणजे सगळ्या हंगामाचं मिळून एका छोट्या टँकरएवढं. पण हे खरं राहायचं तर तीन नियम पाळावे लागतील : गाडी धुवायची नाही, नळ उघडा सोडायचा नाही, आणि होळीनंतर मुक्काम बंद. बोअरचं पाणी उतरलं तर हंगामातही बंद. गावात टँकर सुरू झाला त्या दिवशी आपली पाटी उतरवायची. हे ग्रामपंचायतीला लेखी देऊन टाका, म्हणजे विश्वास बसतो.

दुसरी बाजू घाण पाण्याची.

- भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. खड्डा विहीर-बोअरपासून कमीत कमी ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला पाहिजे. आपला खडक भेगाळ आहे. वरचं घाण पाणी भेगांतून विहिरीत उतरायला वेळ लागत नाही.
- संडास दोन खड्ड्यांचा असेल तर उत्तम. एक भरला की दुसरा चालू करा.
- काही गाड्यांमधल्या संडासात वास मारण्यासाठी निळं रसायन घालतात. ते आपल्या खड्ड्यात, उकिरड्यावर, गोबरगॅसमध्ये, नाल्यात कुठंच ओतू देऊ नका. मैला कुजवणारे जीव त्यानं मरतात. पाटीवरच लिहा : "रसायनाच्या संडासाची टाकी इथं रिकामी करता येणार नाही."
- कचरा ज्यानं आणला त्यानं परत न्यायचा. प्लास्टिक जाळायचं नाही.

वीज, विस्तव आणि विंचू-काटा

कृषिपंपाच्या कनेक्शनवरून पाहुण्यांना वीज देऊ नका. ते नियमात बसत नाही. घरगुती मीटरवरून देण्याआधीही महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या, कारण धंद्याचा दर वेगळा असतो. दिवे, मोबाइल आणि छोटा फ्रीज यांना रात्रीत दोन युनिटच्या आसपास लागतं. दीड किलोवॅटचा एसी ८ तास सलग चालला तर १२ युनिटपर्यंत जातं. थंडीच्या हंगामात एसीची गरजच नाही, तेव्हा पहिल्या वर्षी "एसीला वीज मिळणार नाही" असं स्पष्ट सांगा. सॉकेटला अर्थिंग आणि झटका बसताच वीज तोडणारं ब्रेकर पाहिजेच.

विस्तव फक्त ठरवलेल्या जागी, भोवती दगड लावून, गवत साफ करून. शेजारी पाण्याची बादली आणि माती. झोपण्याआधी विस्तव पूर्ण विझवायचा.

डोंगरात घोणस, नाग, विंचू आहेत. हे पाहुण्याला न घाबरता सांगा. रात्री बॅटरीशिवाय फिरायचं नाही, बूट झटकून घालायचे. साप चावला तर मंत्र-मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, आवळून बांधणं नाही. माणसाला हलू न देता सरळ अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ हे दोन्ही नंबर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आपली सुरक्षितता, आपले नियम

अनोळखी माणसं रात्री आपल्या रानात राहणार. इथं भिडस्तपणा उपयोगाचा नाही.

- रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल, गाडी नंबर, किती माणसं हे लिहून ओळखपत्र बघा. ओळखपत्र नसेल तर मुक्काम नाही.
- परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. ती तयारी होईपर्यंत परदेशी पाहुणे घेऊ नका.
- पाहुण्याकडं जाताना दोघी जा. एकटीनं कधीच नाही. रात्री ९ नंतर जेवण-पाणी द्यायला जायचं नाही.
- दारू आणि मोठ्या आवाजात गाणी चालणार नाहीत, हे पैसे घेण्याआधीच सांगा.
- पैसे गटाच्या खात्याच्या क्यूआर कोडवर घ्या. कुणाच्या नवऱ्याच्या, मुलाच्या फोनवर नाही.
- कोणत्याही सदस्येला पाहुणा बरोबर वाटला नाही, तर "नाही" म्हणायचा तिला हक्क आहे. ३०० रुपयांसाठी तिला कुणी बोल लावायचा नाही. हा ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून ठेवा.

जेवण विकणार असाल तर अन्न परवान्याची साधी नोंदणी करा. लहान उलाढाल असणाऱ्यांना ती कमी खर्चात होते.

कोयत्याची गोष्ट

एक अवघड गोष्ट बोलायचीच राहिली तर हा पाठ अर्धा राहील. पाहुण्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, आणि आपल्या कितीतरी मैत्रिणी त्याच वेळी कोयता घेऊन कारखान्याला गेलेल्या असतात. मग धंदा चालवणार कोण?

कुणालाही असं सांगू नका की "पाहुणे येतील, आता ऊसतोडीला जायची गरज नाही." वर हिशोब केलाय. १२,३०० रुपये दहा जणींत वाटले तर एकीला १,२३० येतात. त्यानं उचल फिटत नाही. जी बाई या भरवशावर कोयता सोडेल, तिचं घर अडचणीत येईल आणि दोष गटाला लागेल.

पण ज्या मागं राहतात त्यांचा विचार करा. कुणी आजारी, कुणी बाळंतीण, कुणी एकटी, कुणी शाळेतल्या लेकरांसाठी थांबलेली. साफसफाईची आणि रांधायची मजुरी आधी त्यांना द्या, आणि ती हिशोबात मजुरी म्हणूनच लिहा, "गटासाठी केलं" म्हणून फुकटात धरू नका. शिल्लक नफ्याचं काय करायचं ते सगळ्याजणी परत आल्यावर, पाडव्यानंतरच्या बैठकीत ठरवा. गेलेल्या मैत्रिणीचा वाटा ती इथं नाही म्हणून बुडता कामा नये.

बैठकीत करायचं काम

१. आपल्या गावावरून देवदर्शनाच्या किती गाड्या जातात? दोघींनी सलग चार रविवार फाट्यावर बसून मोजा. आकडा वहीत लिहा.

२. गटातल्या कुणाकडं मुरमाड सपाट जागा, चालू संडास आणि फेब्रुवारीपर्यंत टिकणारं पाणी या तिन्ही गोष्टी आहेत? एक जरी नसेल तर यंदा थांबा.

३. वरचा हिशोब आठवड्याला एकच गाडी धरून पुन्हा करा. तरी खर्च निघतो का?

४. पाटीवर लिहायचे पाच नियम सगळ्यांनी मिळून ठरवा.

५. "नाही" म्हणायच्या हक्काचा ठराव घ्या आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या.

चार रविवारचे आकडे ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा. ज्या गावांचे आकडे बरे दिसतील, तिथं पुढच्या हंगामात एकेक जागा करून बघता येईल. ज्या गावांचे दिसणार नाहीत, त्यांचं कर्ज वाचलं. तीही कमाईच समजा.